फाईलला पासवर्ड लावला म्हणजे नक्की काय झालं?

शनिवारी सकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं की चार-पाच जणांचे पासवर्ड फुकटात कळतात. "दादा, आधारची प्रिंट काढायचीय, व्हॉट्सअपला पाठवलीय बघ." मग तो पोरगा पीडीएफ उघडतो, पासवर्ड मागतो, आणि काकू काउंटरवरूनच मोठ्यांदा सांगतात, "नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल आणि पुढे एकोणीसशे छप्पन!" रांगेतल्या सगळ्यांना काकूंचं जन्मसाल कळलं, नाव तर थोड्या वेळात प्रिंटवर येतंच.

मला त्या ओरडण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची गंमत वाटते. पासवर्ड म्हणजे दाराला कुलूप असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणजे आत फाईल जशीच्या तशी पडलीय, फक्त दार बंद आहे, पासवर्ड बरोबर आला की कॉम्प्युटर दार उघडतो. काही फाईलींच्या बाबतीत हे साफ चूक आहे आणि काहींच्या बाबतीत दुर्दैवाने अगदी बरोबर आहे, आणि सगळा घोळ आपली फाईल यातल्या कुठल्या प्रकारातली हे माहीत नसल्यामुळे होतो.

खरं एन्क्रिप्शन म्हणजे दार लावणं नाहीच, आतलं सामानच बदलून टाकणं. लहानपणी 'च'च्या भाषेत बोलायचो ते आठवतंय का? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च. मला पाणी हवं म्हणजे "चलाम चाणीप चवंह". पाहुणे आले की आम्ही भावंडं असं बोलून स्वतःला लय हुशार समजायचो, मग एकदा आत्याने शांतपणे चच्या भाषेतच उत्तर दिलं आणि खेळ खलास. कारण त्या भाषेत गुपित एकच होतं, ते म्हणजे रीत, आणि ती रीत तर शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत.

ह्यावर १८८३ सालीच ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या एका डच भाषातज्ज्ञाने फ्रान्सच्या लष्करी मासिकात लिहून ठेवलंय, की रीत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. आजचं एन्क्रिप्शन ह्याच तत्त्वावर चालतं. सगळ्यात जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे एईएस, ती योआन डामेन आणि विन्सेंट रायमन ह्या दोन बेल्जियन माणसांनी बनवली. अमेरिकन सरकारने स्पर्धा ठेवली होती, जगभरातून १५ रीती शर्यतीत होत्या, सगळ्यांच्या रीती उघड्यावर, कोणीही या आणि फोडून दाखवा असं आव्हान, त्यातून ही निवडली आणि २००१ मध्ये स्टँडर्ड म्हणून जाहीर केली. आज ती रीत नेटवर कोणालाही पायरी-पायरीने वाचता येते आणि तरीही त्याने काही फरक पडत नाही.

रीत साधारण अशी, की फाईलचे १६-१६ बाइटचे (बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढी जागा) तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातले बाइट ठरलेल्या तक्त्याप्रमाणे बदलायचे, मग जागा सरकवायच्या, मग एकमेकांत कालवायचे, मग किल्लीतला एक भाग त्यात मिसळायचा, आणि हे परत परत, १२८ बिटची (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) किल्ली असेल तर १० फेऱ्या, २५६ ची असेल तर १४. पत्ते पिसतो तसंच, फक्त कसं पिसायचं ते किल्ली ठरवते, म्हणून किल्ली हातात असेल तर उलट्या क्रमाने सगळे पत्ते जागच्या जागी आणता येतात. नसेल तर समोर नुसता कचरा. म्हणजे अशी फाईल कोणी नोटपॅडमध्ये उघडली, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी आतला मजकूर तिथे नाहीचे.

आता किल्ली म्हणजे काय तर एक आकडा. १२८ बिटच्या किल्लीच्या शक्यता किती, तर ३४ लिहून पुढे ३७ शून्यं. ह्या सगळ्या किल्ल्या लावून बघणं कोणाच्या बापाला जमणार नाही. एईएसच्या आधीची रीत म्हणजे डीईएस, तिची किल्ली मात्र ५६ बिटची होती, १९७७ पासून ती स्टँडर्ड होती, आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत एक मशीन बनवून ती ५६ तासांत फोडून दाखवली, त्यानंतर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. एईएसच्या बाबतीत असं काही झालेलं नाही, म्हणून चोर एईएस फोडायला जातच नाही. तो तुमचा पासवर्ड फोडायला जातो.

कारण तुम्ही टाकता तो पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे, किल्ली बनवायचा कच्चा माल. मध्ये एक गिरणी असते, तिला हॅश म्हणतात. गहू दळले की पीठ होतं, पिठाचे परत गहू होत नाहीत. तेच गहू टाकले तर दर वेळी तेच पीठ, आणि एक दाणा जरी बदलला तरी पीठ पार वेगळं (इथे खऱ्या गिरणीची उपमा संपते, चालवून घ्या). तर पासवर्ड ह्या गिरणीतून काढून जे पीठ येतं त्याची किल्ली होते. आणि एकदा दळून भागत नाही. वर्ड आणि एक्सेलची २००७ ची आवृत्ती पासवर्ड ५०,००० वेळा दळायची, २०१० पासून १,००,००० वेळा. तुम्हाला फाईल उघडताना ते जाणवतही नाही, पण ज्याला कोटी पासवर्ड लावून बघायचेत त्याला प्रत्येक वेळी तेवढंच दळावं लागतं. वर प्रत्येक फाईलच्या गव्हात चिमूटभर वेगळं मीठ टाकतात, त्याला सॉल्टच म्हणतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी पीठ सारखं येत नाही आणि चोराला आधीच दळून ठेवलेली पोती वापरता येत नाहीत.

म्हणजे फाईलमध्ये तुमचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलेला नसतो. सॉफ्टवेअर तुम्ही दिलेला पासवर्ड दळतं, त्यातून येणाऱ्या किल्लीने एक छोटासा ठरलेला तुकडा तपासून बघतं, जुळला तर फाईल सोडवायला घेतं, नाही तर 'इनकरेक्ट पासवर्ड'. म्हणून "कंपनीला फोन केला की ते रिसेट करून देतील" हे फाईलच्या बाबतीत होत नाही. मेल अकाउंटचा पासवर्ड रिसेट होतो कारण मेल त्यांच्याकडे आहे, फाईल तुमच्याकडे आहे आणि किल्ली तुमच्या डोक्यात.

पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कोणी सांगत नाही. एटीएमचा पिन चारच आकडी, म्हणजे शक्यता १०,०००. तरी तो चालतो, का, तर तीनदा चुकला की कार्ड ब्लॉक. नेटबँकिंगचंही तसंच. तिथे दारावर वॉचमन आहे. फाईलला वॉचमन नाही. ज्याच्याकडे तुमच्या फाईलची कॉपी आली तो ती घरी नेतो, पंखा लावून बसतो आणि रात्रभर कॉम्प्युटरला अंदाज लावायला सांगतो, लाख वेळा चुकला तरी त्याला कोणी हटकत नाही आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून एटीएमला चालेल असा पासवर्ड फाईलला चालत नाही.

आता ह्या नजरेने आपल्याकडचे पासवर्ड बघा. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. काहीच माहिती नसलेल्या माणसाला २६ अक्षरांच्या चार जागा म्हणजे ४,५६,९७६, गुणिले शंभर सालं, झाले साडेचार कोटींच्या वर. ऐकायला मोठं वाटतं, पण कॉम्प्युटर सेकंदाला दहा लाख अंदाज लावतोय धरलं तर एक मिनिटही लागत नाही. आणि नाव माहीत असेल तर? नाव तर बहुतेक वेळा फाईल पाठवतानाच माहीत असतं. मग उरली शंभर सालं, ती तर माणूस चहा पिता पिता हाताने टाकेल. इन्कम टॅक्सच्या आयटीआर-व्हीला, म्हणजे रिटर्न भरल्याच्या पावतीला, पॅन स्मॉल अक्षरात आणि पुढे जन्मतारीख, आणि पॅन आपण कुठे कुठे देतो ते आठवा, भाडेकरार, सोनार, गाडीचं शोरूम. पॅन माहीत असेल तर उरली जन्मतारीख, शंभर वर्षांचे दिवस किती, साडेछत्तीस हजार. काही स्टेटमेंट्सना नुसतीच जन्मतारीख असते.

आणि जन्मतारीख हे आपल्याकडे गुपित आहे का? चौकात फ्लेक्स लागतो, भाऊंना पन्नासाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो. तारीख कळली, वय कळलं, नाव फुटभर अक्षरात. भाऊंची निम्मी स्टेटमेंट्स त्या फ्लेक्सवरून उघडतील.

मग हे असे पासवर्ड ठेवणारे येडे आहेत का, तर नाही, त्यांचा हिशेब वेगळा आहे. लाखो लोकांना दर महिन्याला पीडीएफ पाठवायची, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड कळवत बसणं शक्य नाही, आणि भीती काय तर मेल आयडीत एक अक्षर चुकलं आणि स्टेटमेंट भलत्याच माणसाकडे गेलं तर त्याने क्लिक करून सहज वाचू नये. तेवढ्यापुरतं ते ठीक आहे. पासवर्ड कसा बनवायचा ते त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं ते ह्याच कारणाने चालून जातं. पण हा आडोसा अनोळखी आणि आळशी माणसासाठी आहे. मेहुणा, घरमालक, जुना पार्टनर, ऑफिसमधला शेजारी ह्यांच्यासाठी तो नाहीचे. तेव्हा अशी पीडीएफ "लॉक आहे ना" म्हणून ग्रुपवर टाकू नका. आधार कोणाला द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, पुष्कळ ठिकाणी तेवढं पुरतं.

आता दुसरा प्रकार, म्हणजे ज्याला मी पाटी म्हणतो. पुण्यात गेटवर पाटी असते तशी, 'येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल'. पाटीने गाडी अडत नाही, वाचणारा ऐकतो म्हणून चालतं. पीडीएफला दोन वेगवेगळे पासवर्ड लावता येतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक उघडायचा, आणि दुसरा परवानगीचा, म्हणजे उघडू द्या पण प्रिंट नको, कॉपी नको, बदल नको. नुसता दुसरा लावला तर फाईल उघडताना पासवर्ड विचारतच नाही, कारण तिची किल्ली रिकाम्या पासवर्डपासून बनलेली असते आणि रिकामा पासवर्ड सगळ्यांकडे आहे. किल्ली कुलपालाच लटकवून ठेवलीय म्हणा ना. मग प्रिंट का होत नाही? तर उघडणारं सॉफ्टवेअर शहाण्यासारखं पाटी वाचतं आणि बटण बंद करतं. एखादं सॉफ्टवेअर पाटी वाचत नसेल तर सगळं सुरू. माझ्या ओळखीचे एक क्लासवाले सर नोट्सच्या पीडीएफला 'नो प्रिंट' लावून निर्धास्त होते, पोरांनी दुसऱ्या दिवशी स्पायरल बाइंडिंग करून आणलं.

ह्या पाटीवरून एकदा अटकसुद्धा झालीय. दिमित्री स्क्ल्यारोव नावाच्या रशियन प्रोग्रामरने ॲडोबीच्या ई-बुकवरची बंधनं काढणारं सॉफ्टवेअर बनवलं, जुलै २००१ मध्ये लास वेगासला हॅकरांच्या परिषदेत त्यावर भाषण दिलं आणि परत निघताना एफबीआयने त्याला धरलं. केस पुढे त्याच्या एल्कॉमसॉफ्ट कंपनीवर चालली आणि डिसेंबर २००२ मध्ये ज्युरीने कंपनीला निर्दोष सोडलं. मला त्यातला कायदा बाजूला ठेवून एवढंच दिसतं की पाटी कायद्याने राखावी लागते, खऱ्या एन्क्रिप्शनला राखायला पोलीस लागत नाही.

एक्सेलमध्ये तर पाट्याच पाट्या. 'प्रोटेक्ट शीट' केलं, पासवर्ड टाकला, कॉलम हाइड केले आणि माणूस निवांत. डॉट एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची फाईल, आतून एक साधी झिप (अनेक फाईली एकत्र भरलेली पेटी) असते, त्यात साध्या मजकुराच्या फाईली असतात, आणि शीट प्रोटेक्ट आहे ही त्यातली एक ओळ असते. आकडे तिथेच उघड्यावर असतात, एन्क्रिप्ट वगैरे काही नसतात. पूर्वी मी जिथे कामाला होतो तिथे एकदा पगारवाढीची शीट अशीच प्रोटेक्ट करून, बाकीच्यांचे कॉलम लपवून सगळ्यांना पाठवली होती, प्रत्येकाने आपापला नंबर टाकून आपली वाढ बघायची अशी आयडिया. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्याला सगळ्यांचे पगार पाठ. पुढचा महिना त्या ऑफिसात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. प्रोटेक्ट शीट हे फॉर्म्युल्यावर चुकून हात पडू नये म्हणून आहे, तेवढ्यासाठी उत्तम आहे. वर्डचं 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' पण त्याच जातीचं.

काळी पट्टी ओढणं पण ह्यातच येतं. पीडीएफमधल्या खाते नंबरवर काळा चौकोन ठेवला म्हणजे नंबर गेला असं नाही, तो चौकोनाखाली तसाच असतो, सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट केलं की बाहेर. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचा माजी प्रमुख पॉल मॅनफोर्टच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदात हेच झालं आणि झाकलेला मजकूर पत्रकारांनी लगेच वाचला. इतके महागडे वकील चुकतात तिथे आपलं काय.

मग खरं एन्क्रिप्शन लावायचं कुठून? वर्ड-एक्सेलमध्ये फाईल, मग इन्फो, मग प्रोटेक्ट डॉक्युमेंट किंवा प्रोटेक्ट वर्कबुक, आणि त्यातला 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' हा पर्याय. बाकीचे पर्याय बहुतेक पाट्या. वर्डमधून पीडीएफ करताना सेव्ह ॲजमध्ये ऑप्शन्स बटणाखाली पासवर्डची टिकमार्क असते. लिब्रेऑफिसमध्ये एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ केलं की सिक्युरिटीचा टॅब दिसतो, तिथे उघडायचा पासवर्ड आणि परवानगीचा पासवर्ड वेगवेगळे विचारतो, उघडायचा भरायला विसरू नका नाहीतर नुसती पाटी लागेल. गूगल डॉक्समध्ये फाईलला पासवर्ड लावायची सोय नाही, तिथे कोणाच्या मेल आयडीला दाखवायचं एवढंच ठरवता येतं.

एक काळजी मात्र घ्या, फाईल नव्या फॉरमॅटमध्येच सेव्ह करा. जुन्या डॉट डॉक आणि डॉट एक्सएलएस फाईलींचा पासवर्ड म्हणजे बऱ्याचदा ४० बिटची किल्ली, कारण नव्वदच्या दशकात अमेरिका त्याहून दणकट कुलूप देशाबाहेर विकू देत नव्हती, जुन्या पीडीएफचंही तेच. ४० बिट म्हणजे साधारण १.१ लाख कोटी किल्ल्या, सेकंदाला एक कोटी लावल्या तरी सव्वा दिवसात संपतात, आणि इथे पासवर्ड कितीही भारी असला तरी उपयोग नाही कारण चोर पासवर्ड सोडून थेट किल्लीच शोधतो. काही ऑफिसं अजून डॉट एक्सएलएसच मागतात, त्यांना फाईल द्यायची तर पासवर्डच्या भरवशावर देऊ नका.

झिपची तीच कथा. झिपची मूळ पासवर्डची रीत १९९४ मध्येच एली बिहाम आणि पॉल कोचर ह्या दोघांनी मोडीत काढली, आतल्या फाईलचे मोजके बाइट आधीच माहीत असले की पासवर्ड न शोधता झिप सोडवता येते. पण ती रीत अजून जिवंत आहे, कारण ती सगळीकडे उघडते. सेव्हन-झिप हे झिप करायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा डॉट सेव्हन-झेड हा फॉरमॅट निवडा, किंवा झिप करताना पद्धत एईएस-२५६ निवडा. आणि झिपमध्ये आतल्या फाईलींची नावं पासवर्डशिवाय दिसतात! 'घटस्फोट नोटीस फायनल' असं नाव बाहेरून दिसत असेल तर आतलं वाचायची गरजच काय. डॉट सेव्हन-झेडमध्ये 'एन्क्रिप्ट फाईल नेम्स' अशी टिकमार्क आहे, ती करा. एकेक फाईल लॉक करण्यापेक्षा चार-पाच फाईली अशा एकाच पेटीत टाकणं मला स्वतःला सोपं जातं.

पासवर्ड कसा घ्यायचा, तर चिन्हं-आकडे-कॅपिटल ह्यांचा गोंधळ घालण्यापेक्षा लांबी वाढवा. नावात ए च्या जागी ॲट द रेट टाकणं ही ट्रिक फोडणाऱ्या सॉफ्टवेअरला आपल्या आधीपासून माहितीये. नुसत्या आठ स्मॉल अक्षरांच्या शक्यता होतात सुमारे २०,९०० कोटी, आणि सेकंदाला १०० कोटी अंदाज लावणाऱ्यापुढे त्या साडेतीन मिनिटांत संपतात. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. डाइसवेअर नावाची पद्धत आहे, १९९५ मधली, ७,७७६ शब्दांची यादी असते आणि पाच फासे टाकून शब्द निवडायचा, म्हणजे माणसाची आवडनिवड मध्ये येत नाही. असे चार शब्द त्याच १०० कोटीवाल्यापुढे ४२ दिवस टिकतात, पाच शब्द ९०० वर्षं. एका शब्दाने एवढा फरक. आणि हे दळण अजिबात नाही असं धरून, लाख वेळा दळणारं वर्ड असेल तर विचारूच नका.

मी मराठी शब्द घेतो. जाडा शब्दकोश घ्यायचा, मोबाईलला एक रँडम आकडा मागायचा, तेवढ्या नंबरचं पान, परत आकडा, तेवढ्यावा शब्द. 'परात वैशाख चिमटा उंबरठा गोधडी' असं काहीतरी येतं आणि ते चित्रासारखं डोक्यात राहतं (हेच वापरू नका, आता हे सगळ्यांना माहीत झालं). आवडती ओवी, आरतीचं धृपद, गाण्याची ओळ असलं नको, जे छापलेलं आहे ते फोडणाऱ्याच्या यादीतही असू शकतं.

हे शब्द टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरांत करा, देवनागरीत नको. मला वाटलं होतं देवनागरी पासवर्ड म्हणजे कोणाला सुचणारच नाही, भारी आयडिया. पण 'ऱ्या' हे अक्षर बघा, 'दऱ्या'मधलं, ते कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, एका कीबोर्डवर खाली टिंब असलेल्या ऱ पासून, दुसऱ्यावर साध्या र ला एक अदृश्य जोडखूण लावून. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे, पण गिरणीला वेगळे गहू, म्हणजे पीठ वेगळं, म्हणजे फाईल उघडणार नाही आणि तुम्ही आपले बरोबर पासवर्ड टाकतोय म्हणून डोकं आपटत बसणार. शिवाय पासवर्ड टाकताना पडद्यावर काळे ठिपके दिसतात, त्यामुळे काय चुकलं तेही कळत नाही. पीडीएफच्या जुन्या प्रकारांत तर देवनागरी पासवर्डची सोयच नव्हती. इंग्रजी अक्षरांतही स्पेलिंग एकदा ठरवून टाका, वैशाखमध्ये एक ए की दोन, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

पाठवताना फाईल मेलवर आणि पासवर्ड फोनवर, किंवा फाईल व्हॉट्सअपवर आणि पासवर्ड एसेमेसवर. त्याच मेलच्या पुढच्या ओळीत पासवर्ड लिहिणं म्हणजे कपाटाला कुलूप लावून किल्ली वर चिकटपट्टीने चिकटवणं. सीएंना आयटीआरचे कागद पाठवताना निम्मे लोक हेच करतात, मी पण केलंय. आणि एकदा गेलेली कॉपी गेली. नंतर तुम्ही तुमच्याकडच्या फाईलचा पासवर्ड बदलला तरी त्यांच्याकडची कॉपी जुन्याच पासवर्डने कायम उघडत राहणार.

घरच्या कॉम्प्युटरवरही एक गोष्ट हमखास राहून जाते. लॉक केलेली फाईल नवी बनते आणि बिनलॉकची मूळ फाईल तिथेच डाउनलोड्समध्ये, नाहीतर रिसायकल बिनमध्ये, नाहीतर व्हॉट्सअपच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये. व्हॉट्सअपचा मेसेज २०१६ पासून वाटेत एन्क्रिप्टेड असतो हे खरंय, पण तो समोरच्याच्या फोनवर पोचला की साधी फाईल म्हणून पडून राहतो, आणि झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर तर आख्ख्या गल्लीची आधार पडलेली असतात. मी हल्ली प्रिंट हातात आली की तिथेच त्याला म्हणतो, "भावा, डिलीट कर, बिनमधून पण." तो पहिल्यांदा विचित्र बघायचा, आता मी दिसलो की आधीच करून ठेवतो. नेटवर 'पीडीएफ अनलॉक करा फुकट' अशा साईट असतात तिथेही तोच प्रश्न, तुम्ही तुमचं स्टेटमेंट आणि त्याचा पासवर्ड दोन्ही अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवताय, तेही लॉक नको म्हणून. पासवर्ड काढायचाच असेल तर पीडीएफ स्वतः उघडा आणि 'प्रिंट टू पीडीएफ' करा, बहुतेक वेळा काम होतं.

राहता राहिला विसरण्याचा धोका, आणि घरगुती माणसासाठी चोरापेक्षा हाच मोठा आहे असं माझं स्वतःचं मत. २०१६ मध्ये मी गावाकडचे सगळे कागद, सातबारा, खरेदीखत, आजोबांच्या वेळचा फेरफार, स्कॅन करून एका डॉट सेव्हन-झेडमध्ये टाकले आणि उत्साहाच्या भरात दणदणीत पासवर्ड लावला, सहा शब्दांचा. दोन वर्षांनी लागले तेव्हा त्यातले चार आठवले. सेव्हन-झिप प्रत्येक अंदाजाला पाच लाख चोवीस हजार वेळा दळतं, हे मला त्या रविवारी नीटच कळलं. मूळ कागद ट्रंकेत होते म्हणून निभावलं, परत सगळे स्कॅन केले. त्यानंतर पासवर्ड वहीत लिहितो, हो, चक्क वहीत, पेनाने, आणि वही कपाटात पॉलिसीच्या पाकिटांशेजारी असते, बायकोला माहितीये कुठे आहे ते. नेटवरचा चोर माझ्या कपाटापर्यंत येणार नाही, आणि जो कपाटापर्यंत येईल तो वही सोडून बाकीचं नेईल. ती जुनी फाईल पेनड्राइव्हवर अजून आहे, अधूनमधून दोन-तीन अंदाज टाकून बघतो, अजून उघडलेली नाही.